एल्कसाठी थ्री-ओ-एट

टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये आमच्या ओळखीत शिकारीला जाणारी मी एकटीच मराठी बाई. हे मी मिरवते, आणि का मिरवू नये? ऑफिसातल्या एका टेक्सन मित्राने मला नेम धरायला शिकवलं. त्याच्याच रानात, त्याच्याच रायफलीने मी पहिलं हरीण पाडलं, आणि त्या हरणाच्या रश्श्यावर भिशीतल्या बायकांनी ताव मारला.

मग स्वतःची रायफल घ्यायची ठरवली, आणि नवऱ्याने सूत्रं हाती घेतली. पुढेमागे कोलोरॅडोला एल्क मारायला जायचं माझ्या मनात होतं. एल्क म्हणजे सांबराहूनही थोराड जनावर. नवरा म्हणाला, "अगं, घ्यायचीच तर एकदाच मोठी घे ना. मॅग्नम घे. हरणालाही चालेल, एल्कलाही." आम्ही मुलांचे बूट एक माप मोठे घेतो, कुकर पाहुण्यांच्या अंदाजाने घेतो. कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, त्याने तसंच ठरवून टाकलं.

मॅग्नमच्या काडतुसात दारू जास्त; तिचा दणका मी नेमबाजीच्या रेंजवर एकदा खाल्ला. दुसऱ्या वेळी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले आणि गोळी भलतीकडेच गेली. खांद्याचं मला काही वाटलं नाही. पण जखमी जनावर झाडीत घुसून तडफडत मरावं, हे माझ्या हातून व्हायला नको होतं. म्हणून मी थ्री-ओ-एट घेतली, मॅग्नमहून सौम्य काडतुसाची. दणका कमी, आणि गोळी मी सांगेन तिथे. नवऱ्याने हट्टाने स्वतःला मॅग्नम घेतली आणि वर्षभर माझ्या रायफलीला 'हरणापुरती' म्हणून चिडवलं. मला राग यायचा, पण मी दर शनिवारी रेंजवर जात राहिले.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही कोलोरॅडोला गेलो. पहिल्याच सकाळी समोरच्या उतारावर एल्क दिसला. पाळी माझी होती. नवरा कुजबुजला, "मार ना, जाईल तो. नाहीतर माझी घे."

माझ्या रायफलीला ते अंतर जास्त होतं, आणि त्याच्या रायफलीने मी डोळे मिटले असते. मी मान हलवली आणि ओढ्यात उतरले. वारा तोंडावर घेत, कधी ओणवी, कधी पोटावर सरकत जवळ जात राहिले. तो निघून गेला असता तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. तो गेला नाही. चरता चरता वळला आणि त्याची कूस माझ्यासमोर आली. मी श्वास सोडला आणि चाप ओढला. दोन पावलं टाकून तो खाली बसला, तो पुन्हा उठला नाही. मला रडू आलं आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच.

नवरा धापा टाकत आला. जनावराजवळ गुडघ्यावर बसला. मग म्हणाला, "माझ्याकडून हा जखमी होऊन पळाला असता."

दुपारी मांस पाठीवर बांधून डोंगर चढायला लागलो. एल्कचा पुढचा एक पाय माझ्या पाठीवर होता, पट्टे खांद्यात रुतत होते. अर्ध्या वाटेत नवऱ्याने तो मागितला. मी दिला नाही.