आवाज गेलेली अँबेसिडर

अप्पांनी फिल्टर पेपर स्वतःहून आणून दिला, तिथंच मला शंका यायला हवी होती.

दिंद्रुडच्या बाहेर त्यांचा पेट्रोल पंप आहे. समोर पन्नास-साठ माणसं जमलेली. निम्म्यांच्या हातात मी लिहिलेलं पत्रक. मथळा असा: "या पंपावर पेट्रोल विकतात की आणखी काही?" शेवटी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह टाकलं की आरोप होत नाही, हे आमच्या ग्राहक मंडळाच्या पहिल्याच शिबिरात शिकवतात.

फिल्टर पेपरची चाचणी सोपी असते. नोझलच्या तोंडाचा एक थेंब कागदावर टाकायचा. पेट्रोल स्वच्छ असेल तर दोन मिनिटांत उडून जातं आणि डाग राहत नाही. हा कागद मागणं हा प्रत्येक गिऱ्हाइकाचा हक्क आहे. मी थेंब टाकला. डाग राहिला नाही. घनता मोजली. ती अप्पांच्या रजिस्टरातल्या आकड्याशी जुळली.

मग मी तिसरी चाचणी केली. खुणांच्या काचेच्या नळीत पन्नास मिली पेट्रोल, पन्नास मिली पाणी. हलवलं आणि ठेवलं. पाणी खाली बसलं. पण ते पन्नासवर थांबलं नाही, साठच्या खुणेपर्यंत चढलं.

"पाणी! पाणी हाय बे पेट्रोलात!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

तक्रार ज्यांची होती ते भाऊसाहेब पुढं आले. माजी सरपंच, मोठी शेती, पंचक्रोशीत वजन. "अप्पा, पाणी पाजता व्हय आमच्या गाड्यांना?"

अप्पा खुर्चीवरून उठले नाहीत. कपाळाला भस्माचे पट्टे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "भाऊसाहेब, ते पाणी न्हाई. इथेनॉल हाय, उसाचं. वरूनच मिसळून येतंय."

"आता सरकारवर ढकला!"

अप्पांचं बरोबर होतं आणि मला ते माहीत होतं. आजकालच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी दिसलं की पेट्रोल सोडून पाण्यात जातं. पन्नासचे वीस टक्के दहा. नळीतलं पाणी नेमकं दहानं वाढलं होतं. म्हणजे माल नियमाप्रमाणे होता. हे मी तिथंच मोठ्यानं सांगायला हवं होतं. मी नळी पिशवीत ठेवली आणि गप्प राहिले.

भाऊसाहेबांनी जाहीर करून टाकलं, "येत्या बाजाराच्या दिवशी या पंपाला टाळं. आन ताई बोलतील समद्यांपुढं."

टाळ्या पडल्या. अप्पा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "बाई, आमच्या वडलांनी कधी माप मारलं न्हाई. बोलायच्या आधी गाडी बघून घ्या एकदा."

एसटीत बसल्यावर तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. कारण मी गाडी बघितलीच नव्हती. भाऊसाहेब मंडळात आले, "अप्पाच्या पेट्रोलनं माझी अँबेसिडर मेली" म्हणाले, आणि मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. लाज वाटण्याची दुसरी गोष्ट म्हणजे माझा पोटाचा धंदाच इंजिनचा आहे. बीडमध्ये एका वर्कशॉपात मी कामाला आहे. आमच्याकडं गाडी येत नाही. गॅरेजवाले इंजिनचं हेड, म्हणजे वरचं लोखंडी झाकण, काढून पोत्यात बांधून पाठवतात. आम्ही ते दुरुस्त करून परत पोत्यात घालतो. गाडी कुणाची, रंग कोणता, काही कळत नाही.

आणखी एक प्रश्न होता. अख्खं गाव त्या पंपावर मोटारसायकली भरतं. मग बिघडली ती एकच गाडी कशी?

दुसऱ्या दिवशी मी परत दिंद्रुडला गेले. भाऊसाहेबांना म्हटलं, "गाडी दाखवा. तुम्ही चालवा, मी मागं बसते."

"आज सात लग्नं हायती, ताई."

"मग सात लग्नं करू."

पुढाऱ्याची लग्नसराई कशी असते ते मी त्या दिवशी पाहिलं. मुहूर्त एका वेळी, गावं चार दिशांना. प्रत्येक मांडवात अक्षता टाकायच्या, माइकवरून नाव पुकारलं की हात वर करायचा, आहेर द्यायचा आणि पळायचं. गाडीत आम्ही सात जण. ऊन असं की दाराच्या कडीला हात लावता येत नव्हता. भाऊसाहेब गाडी चौथ्या गियरमध्ये दामटून पळवत होते. ही पांढरी अँबेसिडर त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर पंचवीसेक वर्षं गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ती नवी करून घेतली. कारण साधं होतं. "ही गाडी दिसली की म्हातारी माणसं उठून उभी राहत्यात. बोलेरोला कोण उठतंय?"

पहिल्या दोन मांडवांपर्यंत गाडी ठीक होती. चढावर मात्र ओढत नव्हती आणि सायलेन्सरमधून मधूनच फट असा आवाज यायचा. तिसऱ्या मांडवापुढं बंद केली ती परत चालूच होईना. स्टार्टर नुसता गरगर फिरतोय. वऱ्हाडातले पाच जण धक्का मारायला लागले.

"नवरदेवाची हाय का वो गाडी?" एकानं विचारलं.

"नवरदेव चालत गेला, तुमी ढकला," भाऊसाहेब म्हणाले.

तासभर सावलीत थांबल्यावर ती आपोआप सुरू झाली. मी बॉनेट उघडून कान दिला. पेट्रोलची रबरी नळी नवी होती. इथेनॉल जुनं रबर खातं, तो संशय फिटला. कार्बोरेटर स्वच्छ होता. इंजिनचा आवाज मात्र विचित्र वाटला. विचित्र म्हणजे, नव्हताच.

"किती शांत चालतंय," मी म्हटलं.

भाऊसाहेब खुलले. "तर! आधी लई वाजायची, टकटक टकटक. आता घड्याळावानी. सहा महिन्यांत आवाजच गेला बघा. तेवढं एक चांगलं झालंय."

मी गाडी बीडला आणायला लावली. "घेऊन जा," ते म्हणाले, "पण बाजाराच्या दिवशी गाडीचं पेट्रोलच खराब निघालं पायजे."

आमच्या उस्तादांनी चाळीस वर्षं हेडं केली आहेत. मी त्यांना सगळं सांगितलं. ते शांत आवाजाचं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"पर्चा छापला?"

"हो."

"कंप्रेशन देखा?"

"नाही."

"वा रे वा. मैयत का पता नहीं, चाळीसवा करके बैठी." म्हणजे मयताचाच पत्ता नाही आणि मी चाळिसाव्या दिवसाचं जेवण घालून मोकळी.

कंप्रेशन म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. चार सिलिंडरला चार वेळा गेज लावलं. तिसऱ्याचा काटा निम्म्यावरच थांबला. हवा कुठून निसटते हे शोधायची एक जुनी युक्ती आहे. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल ओतायचं. काटा वर गेला तर खालच्या रिंगा झिजल्यात. काटा जागचा हलला नाही, म्हणजे वरचा व्हॉल्व नीट मिटत नाही.

मग वरचं कव्हर काढलं. व्हॉल्व म्हणजे इंजिनचं दार, सेकंदाला कितीतरी वेळा उघडतं आणि मिटतं. त्याच्या शेपटीवर एक लोखंडी दांडी आपटली की ते उघडतं. दार मिटलेलं असताना या दोघांमध्ये केसाएवढी फट लागते. त्या फटीमुळंच टकटक वाजतं. तिला टपेटचा गॅप म्हणतात. या इंजिनला तो पंधरा थाऊ हवा, म्हणजे एका इंचाचे हजारातले पंधरा भाग. मी फट मोजायचं पंधरा थाऊ जाडीचं पातं घालून पाहिलं, जात नाही. दहाचं जात नाही. दोनचंही जाईना.

"गॅपच नाही, उस्ताद."

"नाही ना? म्हणून आवाज नाही. तुझा भाऊसाहेब खूश होता ते ह्याच्यावर. चिल्लाते चिल्लाते पेशंट चुप हो गया, घरवाले बोले आराम पडा."

हेड उतरवलं. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व, जळालेला धूर सोडणारा, त्याच्या बैठकीत खोल रुतून बसला होता; बाकीचेही थोडेथोडे रुतले होते. जणू वापरून वापरून पाट्याला खळगा पडावा. बैठक झिजली की व्हॉल्व वर सरकतो, शेपटी दांडीला भिडते आणि गॅप संपतो. गाडी तापली की सगळं लोखंड फुगतं आणि दार किलकिलं राहतं. म्हणून इंजिन थंड असलं की सुरू, तापलं की बंद. अप्पांच्या पेट्रोलचा यात काय संबंध?

इथं मला खरी उत्सुकता लागली. बैठक झिजली कशानं?

उस्तादांनी सांगितलं. जुन्या काळी पेट्रोलमध्ये शिसं घालत. ते जळून व्हॉल्वच्या बैठकीवर एक पातळ थर धरत असे. हेडचं लोखंड मऊ, पण मध्ये हा थर असल्यानं घासत नसे. पंचवीसेक वर्षांपूर्वी शिसं बंद झालं. बरं झालं बंद झालं. शिसं लेकरांच्या रक्तात जातं, मेंदूला बाधतं. ते परत आणा म्हणणारा भेटला तर त्याच्यावर पहिलं पत्रक मी काढीन. पण जुन्या इंजिनांना कुणी सांगितलं नाही. त्यांच्या बैठकीवर जुना थर होता तोवर तीही निभावून नेत. नव्या इंजिनांत बैठकीच कडक लोखंडाच्या असतात, त्यांना शिसं लागत नाही.

"मग या गाडीचा जुना थर कुठं गेला?"

उस्तादांनी हेड उलटं केलं, कडेवरची काजळी अंगठ्यानं पुसली आणि माझ्याकडं सरकवलं.

आमच्या वर्कशॉपची एक रीत आहे. ज्यानं हेड केलं त्यानं आपलं अक्षर पंचनं ठोकायचं. उद्या तक्रार आली तर कुणी तोंड लपवू नये म्हणून.

काजळीखाली V होता. थोडा तिरका. माझा पहिला पंच तिरकाच बसला होता, त्यावरून उस्ताद दिवसभर हसले होते.

दोन वर्षांपूर्वी माजलगावच्या एका गॅरेजकडून पोत्यात आलेलं हे हेड मीच केलं होतं. व्हॉल्वला पेस्ट लावून बैठकीवर गोल गोल घासायचं, चकचकीत होईपर्यंत. चाळीस वर्षं आमच्याकडं असंच करत आले. मी तर जास्तच मन लावून केलं. शिशाचा उरलासुरला थर अगदी नीट खरवडून काढला. खाली कडक लोखंडाची बैठक, म्हणजे सीट, बसवली नाही. आणि अशी उघडी पडलेली गाडी उन्हात, चौथ्या गियरमध्ये, दिवसाला सात लग्नं पळाली.

"पंच तुझा आहे," उस्ताद म्हणाले. "पण पास मी केला होता. लिख दे, दोनों का नाम."

मी मंडळात फोन केला. तिकडून उत्तर आलं, "व्हॉट्सअॅपवर दोन ओळींचा खुलासा टाक. मथळ्यात प्रश्नचिन्ह होतं, आपण कुठं आरोप केलाय?" मला संताप आला. हीच भाषा तर कार्यालयांतून आम्हाला ऐकवतात आणि आम्ही मोर्चे काढतो! पहिलं पत्रक छापलं त्याच छापखान्यात गेले. तोच आकार, तेवढ्याच प्रती. मथळा: "पेट्रोल स्वच्छ होतं. चूक आमच्या हातची होती." पूर्णविराम. खाली नळीतल्या दहा मिलीचा हिशेब, व्हॉल्वचं चित्र, माझं आणि उस्तादांचं नाव.

बाजाराच्या दिवशी पंपापुढं पहिल्यापेक्षा जास्त गर्दी होती. एकाच्या हातात खरंच कुलूप होतं, नवं, प्लास्टिकसकट. मी नळी काढली, तीच चाचणी केली, पाणी साठवर चढलेलं दाखवलं, आणि त्या दिवशी जे बोलले नव्हते ते बोलले. मग हेड टेबलावर ठेवलं आणि V दाखवला.

कुलूपवाला म्हणाला, "मग हे कुलूप कावून आणायला लावलं?"

"तुमच्या वर्कशॉपला लावा, ताई!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. मीही हसले असते, पण भाऊसाहेबांचं तोंड लाल झालं होतं.

"माझं नाक कापलं तुमी. चार गावांत बोललोय मी."

"मीही छापलंय, भाऊसाहेब. आता उलटं छापलंय. चार गावांत वाटायला चला माझ्यासोबत."

ते आले नाहीत.

अप्पांनी पत्रक घेतलं. चष्मा सावरून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. त्यांनी कागद उलटून पाहिला, पाठ कोरी होती.

"पहिल्या पत्रकात एक ओळ बरी होती," ते म्हणाले. "फिल्टर पेपर मागा, तुमचा हक्क हाय. ती ह्याच्यात न्हाई."

"तुमच्या विरोधात वाटेल म्हणून काढली."

"काढू नका. कुणी मागतच न्हाई. कपाटात पडून पेपर पिवळे पडायलेत. त्या दिवशी तुमी आलात, मला वाटलं, चला, कुणीतरी इचारायला आलं."

ती ओळ मी उरलेल्या प्रतींच्या पाठीवर हातानं लिहिली.

हेडमध्ये कडक लोखंडाच्या सीट मी स्वतः बसवल्या. टपेट पंधरा थाऊवर लावले, पंच मारला, या वेळी सरळ. आता आमच्याकडं जुनं हेड आलं की पोतं सोडायच्या आधी फोन करतो आणि विचारतो, गाडी किती पळणार आहे. पत्रक लिहायच्या आधीही मी एकदा बॉनेट उघडायला लागले आहे.

पंधरा दिवसांनी भाऊसाहेबांचा फोन आला. आवाजात अजून राग होता. "गाडी चढावर ओढतीय. गरम असली तरी चालू होतीय. पण ताई, लई वाजतीय. टकटक टकटक. बाजूला बसलेला माणूस इचारतोय."

"वाजू द्या," मी म्हटलं. "गप्प झाली की घेऊन या."