दोष बोअरच्या पाण्याचा

थोरल्या बहिणीच्या मुलाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा तो चौथीत होता. बहीण रेणापूरजवळच्या एका खेड्यात दिलेली आहे. तिचा नवरा आमच्या आत्याचाच मुलगा. आमच्याकडे भावाच्या मुलीवर बहिणीच्या मुलाचा पहिला हक्क मानतात. मुलगी बाहेर द्यायची असेल तर आधी आत्याला विचारावं लागतं. न विचारता दिली तर आत्या मांडवात पाय ठेवत नाही.

लातूरच्या डॉक्टरांनी मुलाचं रक्त बाहेरगावी पाठवून तपासून घेतलं. मग बहीण, मेहुणे, आत्या आणि मी असे चौघे त्यांच्यासमोर बसलो. ते म्हणाले, "आईकडून एक दोष आला आणि वडिलांकडूनही तोच आला, की हा आजार होतो. एकाकडूनच आला तर काही होत नाही, म्हणून आईवडील ठणठणीत आहेत. खराब पाण्यानं भर पडली असेल. मूळ कारण पाणी नाही."

आत्यानं सगळं नीट ऐकलं. गावी पोचल्यावर तिनं सांगितलं, डॉक्टर म्हणाले पाण्यानं झालं.

पाणी खराब होतं हेही खरंच. बोअर दर उन्हाळ्यात आणखी खोल जात होतं, आणि तपासणीत फ्लोराइड प्रमाणाबाहेर निघालं. ती बातमी आमच्या पेपरात मीच दिली होती. त्या बातमीतला शब्दही चुकीचा नव्हता. आत्या ती आल्यागेल्याला वाचायला द्यायची.

आत्याच्या घरात पाणी गाळायचं यंत्र आलं. गावाला मात्र ते कारण पटलं नाही, कारण तेच पाणी सगळा गाव पीत होता. मी हे एकदा आत्याला विचारलं.

"त्यांची पोरं टँकर आला की टँकरचं पितेत," ती म्हणाली. "आमच्यासारखं बारमाही घरचं न्हाई पीत. तू पेपरात लिवतो अन् मलाच पुसतो का?"

गावातली कुजबुज आमच्यापर्यंत, नांदेडला आली. धाकटी बहीण नांदेडला शाळेत शिकवते. तिच्यासाठी मुरुडचं एक स्थळ साखरपुड्याच्या बोलणीपर्यंत आलं होतं. त्यांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप धाडला. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती. त्यानंतरच्या स्थळांनी निरोपही धाडला नाही. घराण्याच्या रक्तात काहीतरी आहे, एवढं लोकांना कळलं होतं. नेमकं काय, आणि त्यातून वाट कशी काढायची, हे विचारायला कुणी थांबलं नाही.

मग आत्या नांदेडला आली, थोरलीला बरोबर घेऊन. तिला धाकट्या मुलासाठी आमची धाकटी हवी होती.

"दादा, बाहेरच्यांनी तोंड फिरवलं," ती वडिलांना म्हणाली. "आपली लेक आपण नको सांभाळायला? अन् लगीन झालं की ही दोघं लातुरातच ऱ्हातील. फिल्टरचं पाणी. बोअरचा संबंधच न्हाई."

वडील मान डोलवत होते. धाकटी म्हणाली, "आत्या, आधी दोघांचं रक्त तपासू. ताईच्या पोरात दोष कोणता ते सापडलंय. आमच्यात तो आहे का एवढंच बघायचं. दोघांतल्या एकात जरी नसला तरी हा आजार व्हायचा नाही."

"माझ्या लेकाचं रक्त? बाजारातला बैल हाय का तो, दात बघून घ्यायला?"

"माझंही तपासू की."

"तुझं तू बघ बाई. त्याच्यात निघालं तर त्याला कोण पोरगी देईल?"

धाकटी म्हणाली, "मग मलाही जमणार नाही." आत्या चहा न घेता उठली.

थोरली दारात मागं राहिली. ती आमच्या बाजूनं एक शब्दही बोलली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांना पाणीच म्हणू दे. रक्त म्हटलं की ते माझं एकटीचं होतं. नवऱ्याचं कुणी धरत न्हाई. मंगळवार-शुक्रवार मला पोराला घेऊन डायलिसिसला लातूरला जायचं असतं, ते याच घरातून."

धाकटीनं नकार दिला म्हणून मला बरं वाटलं. ते फार टिकलं नाही. आत्यानं नात्यात सांगितलं की भाचीलाच आपल्या रक्ताची खात्री नाही. ते अर्धापूरला काकांपर्यंत गेलं. काकांची केळीची बाग आहे आणि एकच मुलगी. तिलाही स्थळं येईनाशी झाली. दिवाळीनंतर आत्या त्याच धाकट्या मुलासाठी तिकडं गेली, आणि काकांनी हो म्हटलं. विचारायचा मान आत्याचाच होता, आणि दुसरं विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

धाकटी मला घेऊन अर्धापूरला गेली. चुलत बहीण मागच्या ओसरीवर धुणं वाळत घालत होती. धाकटीनं तिला सगळं सांगितलं. दोष आपल्या घरातून आत्याच्या घरात आणि पुन्हा आपल्याकडे कसा फिरतोय, तिच्यात तो असण्याची शक्यता कमी आहे पण नाहीच असं नाही, तिनं एकटीनं रक्त तपासलं तरी पुरेल. खर्च आम्ही करतो, म्हणाली.

चुलत बहिणीनं ओली साडी झटकून दोरीवर टाकली.

"समज, तपासलं. अन् निघालं. मग?"

"मग हे लग्न करू नको."

"मग कोणतं करू? तुझं मुरुडचं मोडलं, पण तू शाळेत शिकवती तरी. मी बारावी नापास. आत्याला नको, बाहेरच्याला नको. बाबा म्हातारपणी माझ्याकडं बघून काय करतील?"

धाकटीनं बादलीतला पुढचा कपडा पिळून तिच्या हातात दिला.

"ताई, एखादं बाहेरचं स्थळ आण," चुलत बहीण म्हणाली. "काळं आण, बिजवर आण. हे मी आजच मोडते."

आम्ही तीन महिने शोधलं. ज्या घरी जात होतो तिथले आधी आमचं गाव विचारत, मग आत्याचं. लग्न माघात झालं. धाकटी गेली नाही. मी गेलो. आत्यानं मांडवात जागोजाग पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या, सीलबंद, आणि बोअरचं कुणी पिऊ नका म्हणून ती स्वतः पंगतीतून सांगत फिरत होती.