चुंबळीवर बसणारी मावशी

"मले काय धाड भरली?" तब्येत कोणीही विचारली, की भाजीवाल्या मावशीचं हे उत्तर ठरलेलं. एकदा गाईनं शिंग मारून दंड काळानिळा केला होता, तरी पदर ओढून म्हणाली, "मले काय धाड भरली? गाईलेच लागलं असंन."

अशी बाई तुमच्याही गल्लीत असेल. नीट बघा, असेलच.

समुद्रपूरला बाजाराच्या रस्त्यावर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. मावशी मळ्यातून डोक्यावर टोपलं घेऊन यायची आणि माझ्या पायरीशी उकिडवी बसायची. वांगी, मेथी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. मी तिचे ब्लाउज शिवायची, ती मला कोवळी वांगी काढून ठेवायची. भांडायचोही भरपूर. बाही बोटभर आखूड झाली, तर "कापड खाल्लं का व?" असं चारचौघींत विचारणारी बाई ती.

एका बाजाराच्या दिवशी पाहते, तर मावशी उकिडवी नव्हती. टोपल्याखाली डोक्यावर ठेवायची कापडाची गोल चुंबळ तिनं जमिनीवर टाकली होती आणि तिच्यावर एका अंगावर कलून बसली होती. मला हसूच आलं.

"मावशे, डोक्याची चुंबळ बुडाखाली काऊन?"

"काऊन? बुडानं काय पाप केलं? मले काय धाड भरली?"

हसली, पण उठताना तिनं दाराची चौकट धरली आणि ओठ असा दाबला, की माझं हसू तिथंच गेलं.

दुपारी रस्ता सामसूम झाल्यावर मी तिला आत ओढलं, माप घ्यायच्या पडद्यामागे. त्या पडद्यामागे बाया जे सांगतात, ते देवालाही सांगत नसतील. बराच वेळ तिनं पदराचं टोक चावलं. मग म्हणाली, "पोरी, जागेवर गाठ झाली."

योनीच्या तोंडाशी, एका बाजूला. आधी वाटाण्याएवढी होती, दुखत नव्हती. आता लिंबाएवढी फुगून ठणकत होती आणि अंगात ताप होता. वरून बाजारातल्या कोणीतरी सांगितलं होतं, की बिब्ब्याचा चटका दे, गाठ बसते.

"बिबा? तिथं?" मी किंचाळलेच. "अवं, कातडं जळून जाईन! डोकं फिरलं का तुयं?"

"मंग काय करू? दवाखान्यात गेली का तेच सांगतीन. माया बहिणीले गाठ निंगाली, तं क्यान्सर सांगतला. वाचली का थे?"

तेव्हा कळलं, की एवढी तोंडाळ बाई का गप्प होती. मला तिचा रागही आला आणि रडूही आलं. "उद्या वर्ध्याले जायचं, बायांच्या डॉक्टरकडे," मी म्हटलं. "नाई आली, तं माया पायरीवर बसू देणार नाई."

आली बिचारी. एसटीत कंडक्टरपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगत सुटली, "दात दुखते. दाताच्या डॉक्टरकडे चालली." इतक्यांदा सांगितलं, की डॉक्टरीणबाईंनी "काय होतंय?" विचारताच तिच्या तोंडून तेच निघालं, "दात दुखते."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "दात दुखतो, मग खुर्चीवर अशा तिरप्या का बसल्यात मावशी?" आधी मावशी रडली, मग आम्ही तिघीही हसलो.

तपासून त्यांनी समजावलं. योनीच्या तोंडाशी ओलावा देणाऱ्या ग्रंथी असतात. एखादीचं तोंड बुजलं की गाठ येते, पू झाला की ठणकते. बहुतेक गाठी साध्याच असतात. पण पाळी गेलेल्या बाईला नवी गाठ आली, तर अंदाजावर सोडायची नसते, म्हणून पू काढताना तुकडाही तपासायला पाठवू. "गाठ कडक लागली, वाढत गेली, ताप आला, रक्त गेलं, जखम भरेना, तर वाट बघायची नाही. आणि बिबा तर स्वप्नातही नाही."

रिपोर्ट येईपर्यंत मावशी वांगी तोलायची नि गप्प बसायची. मला ती शांतता सोसवेना. मी मुद्दाम तिच्या ब्लाउजची बाही आखूड शिवली, तरी भांडली नाही. मी मनातून हादरले.

रिपोर्ट चांगला निघाला. "म्हंजे मले खरंच धाड भरली नाई?" असं म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी त्या बाहीवरून तिनं मला सोललं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

मग तिची जीभच सुटली. मेथी निवडणाऱ्या बायांना खुशाल विचारायची, "खाली काई गाठबीठ नाई ना व? असंन तं लपवू नको, दाखवजो." एकीचं अंग बाहेर येत होतं, वर्षानुवर्षं लपवलेलं. तिला मावशी स्वतः वर्ध्याला घेऊन गेली. बाप्ये मात्र तिचं बोलणं कानावर पडलं, की वांगी न घेताच पळायचे.

पोळ्याच्या सुमारास मावशी झोपेतच गेली. टोपलं तिच्या मुलीनं नेलं. ती बसायची ती चुंबळ मात्र दुकानात माझ्याच खुंटीला राहिली. पायरी अजून तिचीच वाटते, तिथं दुसऱ्या कोणाला बसू द्यायला जीव होत नाही.

परवा आंघोळ करताना माझ्याच हाताला तिथं गाठ लागली. बारीक, न दुखणारी. दिवसभर मशीन चालवत राहिले. शेजारीण म्हणाली, "चेहरा काऊन उतरला व?" आणि मी म्हटलं, "मले काय धाड भरली?"

बोलले, आणि नजर खुंटीकडे गेली.

सकाळी दुकानाला कुलूप लावलं, चुंबळ पिशवीत टाकली आणि वर्ध्याची एसटी धरली. शेजारी एक अनोळखी बाई होती. "कुठं चालल्या?" तिनं विचारलं. खोटं कशाला सांगू, 'दात' अगदी जिभेवर आला होता.

"बायांच्या डॉक्टरकडे," मी म्हटलं. "जागेवर गाठ हाय."

तिनं आधी मागच्यापुढच्या सीटवर नजर टाकली. मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाली, "मलेबी हाय. येऊ का तुमच्यासंगं?"