शेपटी नसलेला फुगा

आमच्या चित्रकथेच्या शेवटच्या पानावरचे वाक्य नेमके कोण बोलते, एवढ्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले. प्रश्न लहान आहे; पण चित्रकथा लिहिण्यात माझे निम्मे आयुष्य गेले आणि त्यातला हाच प्रश्न मला सुटलेला नाही.

आधी कामाची पद्धत सांगतो. मी शिरूरचा, शाळामास्तर. माझे चित्रकार दौंडचे. दुकानांच्या पाट्या आणि कुरकुंभच्या कारखान्यांतल्या धोक्याच्या सूचना त्यांनी रंगवल्या होत्या, म्हणून सारे दौंड त्यांना पेंटर म्हणे. फ्लेक्स आले, पाट्यांचे काम बसले आणि ते माझ्याबरोबर चित्रकथांकडे वळले. विहिरीला कठडा का हवा, साप चावल्यावर काय करावे, असे आमचे विषय. न्हावरे-चौफुल्यावरून एस.टी.ने मी दौंडला जाई आणि गोष्ट तोंडी सांगे. चित्रे काढताना ते तिच्यात हवा तो बदल करीत. पाटी रंगवणारा आधी अक्षरांची जागा आखून घेतो. त्या सवयीने ते प्रत्येक चौकटीत संवादाचा फुगा आधी आखत आणि रिकामा ठेवत. मी त्यात मावेल एवढेच लिहायचे. माझे वाक्य लांबले की म्हणत, "गुरुजी, ह्यो माणूस पळतोय. पळताना कुणी एवढं बोलतंय व्हय? दम तरी घिऊ द्या त्याला."

फुग्याला शेपटी असते. ती ज्याच्या तोंडाकडे वळते, तो बोलणारा. पेंटर ही शेपटी अगदी शेवटी, पेन्सिलीच्या रेषांवर शाई करताना काढत. बोलणाऱ्याचेच तोंड उघडे दाखवायचे, हा त्यांचा दुसरा नियम. या दोन खुणांवरून वाक्य कोणाचे ते मला कळे. विचारावे लागत नसे.

शेवटची चित्रकथा बिबट्याची होती. ऊसतोड चालू असताना फडात पिल्लू सापडते, इथपर्यंत गोष्ट माझी. शेवट त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. "आधी काढतो, मग बघा," एवढेच म्हणाले. शेवटचे पान पेन्सिलीत पूर्ण झाले आणि शाई करण्याआधी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. वाचाही गेली, उरला एकच शब्द, "व्हय".

ते पान घेऊन मी त्यांच्या खाटेशी बसलो. तोडलेल्या उसाच्या कडेला एक बाई उभी आहे, तिच्या पायाशी पिल्लू, मागे कोयते घेतलेली माणसे. वर एक मोठा रिकामा फुगा. शेपटी नाही. बाईचे तोंड उघडे आहे. सर्वांत पुढच्या माणसाचेही उघडे आहे.

मी विचारले, "पेंटर, बाई बोलतेय का?"

"व्हय."

"की माणसं बोलतायत?"

"व्हय."

प्रश्न उलटा करून पाहिला, चित्रावर बोट ठेवून पाहिला. उत्तर तेच आले, फक्त दर वेळी आवाज चढत गेला. मग त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. ती फुग्याच्या कडेला टेकली, खाली निघाली आणि बाई व माणसे यांच्या मधल्या मोकळ्या जागेत थांबली. पुढे सरकेना. त्यांना घाम फुटला. त्यांच्या पत्नीने पेन्सिल हळूच काढून घेतली.

"गुरुजी, आता नका इचारू," भाभी म्हणाल्या. "त्यांना समदं कळतंय. म्हणून तर तरास हुतोय."

त्यानंतर मी विचारले नाही. प्रकाशकांनी दुसऱ्या चित्रकाराकडून शाई करून घ्यायचे ठरवले आणि शेपटी कुणीकडे वळवायची, असे मला विचारले. बाईकडे, असे मी सांगितले आणि फुग्यात 'थांबा' एवढे लिहिले. शेपटी माणसांकडे वळली असती तर तिथे 'मारा' आले असते.

छापील प्रत घेऊन दौंडला गेलो. पेंटरनी शेवटच्या पानावर अंगठा ठेवला आणि ते रडू लागले. मला वाटले, माझे चुकले. थोड्या वेळाने भाभींनी चहा आणला, तर चहाकडे पाहूनही ते रडले. या आजारात हसू आणि रडू आपोआप येते, त्यावरून काही अनुमान काढू नये, असे डॉक्टरांनी समजावले. म्हणजे तीही खूण गेली. आता मी जातो, शेजारी बसतो, हवापाण्याचे बोलतो. ते "व्हय" म्हणतात.

हे पुस्तक शिरूर आणि दौंडकडच्या पुष्कळ शाळांत आहे. शेवटच्या पानावरची शेपटी आणि माझा शब्द बोटाने झाका. बाईचे ओठ पाहा, पुढच्या माणसाचे ओठ पाहा, दोघांची नजर कुठे आहे ते पाहा. माझ्या उत्तरावर विसंबू नका. कृपया स्वतः तपासून पाहा.