शस्त्रसंधी आणि पानांच्या टोपल्या

सोमवारी पहाटे आखातातील हवाई हद्द बंद झाली आणि मुंबईहून दुबईला जाणारे मंगळवारचे मालवाहू विमान रद्द झाले. त्या विमानात अंजनगाव सुर्जीची विड्याची पाने चढायची होती. त्याची बातमी करायला मी मंगळवारी सकाळी बडनेऱ्याला उतरलो.

अमरावतीत गिला वडा (दह्यात भिजवलेला वडा, वर लाल चटणी) खाल्ला. डोळ्यांत पाणी आले.

“पुन्याचे का जी?” शेजारच्या गृहस्थांनी विचारले. “मुंबईचा,” मी म्हणालो. “मंग दही घ्या अजून.”

वलगाव मागे पडले तसे दोन्ही बाजूंना काळे रान पसरले. बसमध्ये दोन प्रवासी आखातातील लढाई कोण जिंकणार यावर भांडत होते आणि मधली खिडकी एक जण उघडत, दुसरा लावत होता. कंडक्टर म्हणाला, “तुमी दोघं आंधी या खिडकीचा समझोता करा, बाप्पा.”

अंजनगावात वसंतराव आणि शोभाताई यांचा पानमळा आहे. मी आत पाऊल टाकताच शोभाताई ओरडल्या, “पायतन काढा जी, पायतन (चपला-बूट)! देवघरात असेच जाता का?” पानमळ्यात अनवाणीच जायचे असते. बूट काढून आत गेलो. वेलींखाली ओल आणि गारवा होता.

या दोघांचा हा परदेशी जाणारा पहिलाच माल. अकोल्याचे व्यापारी सलीमभाई यांनी तो एकदा पाठवून पाहायचे कबूल केले होते. पाने काळी पडून पोहोचली, तर पुन्हा मागणी येणार नव्हती. तोडणी रविवारीच झाली होती. तोडलेले पान टिकवायचे तर टोपली रोज उघडावी लागते, डागी पाने काढावी लागतात आणि उरलेली ओल्या केळीच्या पानांत पुन्हा रचावी लागतात. तोंड शिवून ठेवलेली टोपली आतून तापते.

मंगळवारी दुपारी वसंतरावांच्या मोबाइलवर शस्त्रसंधीची बातमी आली.

“थांबली लढाई!” म्हणत त्यांनी सगळ्या टोपल्या शिवल्या. तासाभरात बोलणी फिसकटली. टोपल्या उसवल्या. सायंकाळी पुन्हा शस्त्रसंधी, पुन्हा शिलाई. जेवताना बातमी मागे घेतली गेली. झुणका-भाकर अर्धी ठेवून दोघे उठले आणि टोपल्या उसवू लागले.

बुधवारी सकाळी तिसरी शस्त्रसंधी जाहीर झाली. वसंतराव दाभण शोधू लागले. ते शोभाताईंच्या मुठीत होते.

“दे वो इकडे.”

“नाई देत. त्याइचं काय जाते? घडीत लढतात, घडीत बोलतात. माह्या पानाले हवा लागू द्या.”

“काहून? सारं जग सांगून राहिलं ना!”

“जगाले पान पाठवाचं आहे का? सलीमभाईले पाठवाचं आहे. त्याइचा फोन येऊ द्या.”

फोन दुपारी आला. सलीमभाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. “वसंतराव, इमान (विमान) मिळालं. टीव्हीचं नाही, मी सांगून राहिलो. सायंकाळच्या गाडीले माल पायजे.”

शोभाताईंनी दाभण दिले.

अकोटमार्गे टेम्पोने आम्ही अकोला गाठले. वाटेत टायर पंक्चर झाले. चाक बदलेपर्यंत शोभाताई टोपल्यांवर पाणी शिंपडत होत्या. स्टेशनवर सलीमभाईंनी एक टोपली उघडली आणि एक पान उजेडात धरले.

“वहिनी, आजची तोड आहे का?”

“इतवारची होय.”

“मस्करी नका करू.”

“सकाळच्या बातमीले शिवली नाई म्हून असी दिसते,” वसंतराव म्हणाले. शोभाताई हसल्या.

त्याच गाडीने मी मुंबईला परतलो. गुरुवारी विमान उडाले. शुक्रवारी दुबईच्या दुकानदाराचा व्हिडिओ आला. वरच्या थरातली काही पाने काळी होती, ती त्याने बाजूला काढली. खालून एक हिरवे घेतले, चुना लावला आणि तोंडात टाकले.

शनिवारी दुसऱ्या मालाची मागणी आली. रविवारी अंजनगावात तोडणी झाली. आखातात बोलणी सुरू आहेत. टोपल्या अजून शिवलेल्या नाहीत.