स्लॉट गेमची गोंडपिपरीत झालेली तपासणी

विषय : ऑनलाइन स्लॉट गेम बनवणाऱ्या एका कंपनीच्या कॅटलॉगची व दर्जाची तपासणी.

उपरोक्त विषयी सादर, की हे काम पुण्याच्या एका ऑफिसनं माझ्या सुनेला, कल्याणीला दिलं. ती गोंडपिपरीत घरी बसून गेम खेळते आणि त्यातले दोष लिहून पाठवते. नाणी खोटी, पगार खरा! नोकरी मात्र कच्ची. रिपोर्ट पसंत पडला तर कायम करू, पण मग पुण्याला या, असं ऑफिसचं म्हणणं. माझा मुलगा आमच्याच जिल्ह्यात, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात नोकरीला. म्हणून कल्याणीनं घरूनच कायम काम करू द्यावं असा अर्ज केला.

ज्येष्ठांचंही मत हवं होतं, तेव्हा तिनं आमची पेन्शनर मंडळी गेमला बसवली. तेव्हापासून किस्से टपालासारखे साचताहेत. निकाली काढणारा मी एकटा.

*

पहिला गेम जंगलाचा. बटण दाबलं की चित्रांची चाकं फिरतात, तीन वाघ ओळीत आले की नाण्यांचा पाऊस! आमचे नामदेवभाऊ निवृत्त वनपाल. ते खवळले.

"खोटं आहे बाई हे! मले एक वाघ दिसला का पंचनामे पडत, नाणी नाई!"

पुढच्या फेरीत वाघाशेजारी सिंह आणि झेब्रा आले. भाऊंनी चष्मा पुसला. "ही जंगलाची कोणती रेंज म्हणाव?"

कल्याणीनं रिपोर्टात लिहिलं : 'चित्रांत सुसंगती नाही.'

*

शांताबाई जन्मभर मास्तरीण. फळांचा गेम झाला, दागिन्यांचा उघडला, आणि त्या थांबल्या.

"हा तोच आहे. फळं काढून दागिने चिकटवले."

कल्याणीनं नियमांचं पान उघडलं. दागिन्यांच्या गेममध्ये लिहिलं होतं : 'तीन टरबूज आल्यास बोनस.'

"कॉपी करणाऱ्याले टरबूज बी खोडता आलं नाई!" शांताबाईंनी तिथंच नापास केलं.

*

शेजारचा सुधाकर कापूसवाला. 'स्लॉट' ऐकून धावत आला.

"वहिनी, सरकारी केंद्रावर कापूस विकाचा स्लॉट, म्हंजे नंबर, यात भेटते का?"

"नाही हो, हा खेळ आहे."

त्यानं तरी बटण दाबलं. चाकं गरगर फिरली, बाजा वाजला, हाती काही आलं नाही.

"तिकडच्या ॲपवरचं चाक बी असंच फिरून राह्यलं," तो म्हणाला, "पण बाजा नाई वाजत!"

*

शेवटी पुण्याच्या मॅडम व्हिडिओवर आल्या. रिपोर्ट त्यांना आवडला. टरबुजाला तर त्या खळखळून हसल्या. मग एकच प्रश्न राहिला, लोक गेमकडे परत येतील का? त्यांनी थेट नामदेवभाऊंनाच विचारलं.

"आजोबा, उद्या पुन्हा खेळाल?"

"कल्याणी इथी असन तं खेळू."

"अहो, मी गेमचं विचारतेय!"

"गेम तुम्ही न्या पुण्याले," भाऊ म्हणाले. "पोरगी राहू द्या."

मॅडमनी पेन उचललं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

कल्याणीचा अर्ज प्रलंबित आहे.