कळीचा चुना आणि दीवचा कडा

त्या सकाळी टेमघरच्या आमच्या खोलीत मी पाणी भरलं, भांडी घासली आणि ड्रममध्ये कळीचा चुना भिजत घातला. नव्वदीची सुरुवात होती, चौदा एप्रिलची जयंती तोंडावर आली होती. चुना खदखदायला लागला तसे आमचे हे म्हणाले, “बघ, समुद्र उकळतोय. हा दगड शिंपल्यांचाच हाय.”

“थापा नका मारू. कुंचला धरा.”

“न्हाय पटत? समुद्रावर याचे उभे कडे हायत. नेऊन दाखवतो तुला.”

अर्धी भिंत रंगवून ते कापडाच्या लूमवर ड्युटीला गेले. तिथेच छातीत दुखून गेले.

पुढे मी अक्षर लावत वाचायला शिकले. एका पुस्तकातून कळलं, ते खरंच सांगत होते.

आज लेकीने मला दीवला आणलं. लाटांनी पायथा पोखरलेल्या चुनखडीच्या कड्याला हात लावला, तर बोटांना शिंपल्यांचे बारीक तुकडे लागले.

“आई, फोटोसाठी हस ना,” लेक म्हणाली. जमलं नाही.

मैत्रिणींनो, कुणी दाखवतो म्हटलेली जागा तुम्ही एकटीने पाहिली आहे का?

मला तर ती अर्धी भिंतच दिसत होती. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, माणसं पांगल्यावर, मी ड्रममधला चुना ढवळला आणि उरलेली भिंत रंगवली.